सूचना : माउंट व रेलची मागणी महिनाअखेरीपूर्वी नोंदवावी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या नेमबाजी मंडळाला रायफलच्या रेल (रायफलवरील खाचांची पट्टी) व दुर्बिणीचे माउंट (दुर्बीण त्या पट्टीवर पक्की धरणारी पकड) पुरवणारी कंपनी दोन ठिकाणचे उत्पादन एकाच कारखान्यात आणत आहे. यंत्रे हलवून पुन्हा समतल बसवणे, जिग (काम करताना नग ठरलेल्या जागी धरणारी साधने) जुळवणे आणि पहिल्या नगांची मापे तपासणे यात वेळ जाणारच; त्यामुळे पुरवठा लांबेल असे गृहीत धरून प्रत्येकाने आपली मागणी या महिनाअखेरीपूर्वी साहित्यप्रमुखांकडे लेखी द्यावी.

१. मागणीत रेलचा प्रकार (पिकाटिनी की वीव्हर) अवश्य लिहावा. पिकाटिनी रेलची खाच ५.२३ मि.मी. रुंद असते, तर वीव्हरची ४.५७ मि.मी.; म्हणून वीव्हरचे माउंट पिकाटिनीवर बहुधा बसते, पण पिकाटिनीचे माउंट वीव्हरवर सहसा बसत नाही. नुसते ‘माउंट हवे’ असे लिहिलेली मागणी स्वीकारली जाणार नाही.

२. दुरुस्तीचे पार्सल जुन्या पत्त्यावर पाठवू नये. पावती व वेष्टनावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा.

३. नव्या कारखान्यातील माउंट बसवताना रायफल रिकामी असल्याची आधी खात्री करावी. माउंट खाचेत पुढच्या बाजूला टेकवून, स्क्रू टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंतच आवळावेत. हाताच्या अंदाजाने जास्त आवळल्यास ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि दुर्बिणीच्या नळीवर दाब पडतो. त्यानंतर झिरोइंग (नेम धरलेल्या जागीच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवणे) नव्याने करावे. माउंट दिसायला अगदी जुन्यासारखे असले, तरी हे टाळू नये.

सैल बसणारा किंवा वाकडा नग आढळल्यास तो घासून बसवण्याचा प्रयत्न न करता साहित्यप्रमुखांकडे परत द्यावा.

– सचिव