दोन पांढऱ्यांच्या पोटी काळी पिल्लं

प्रिय दिनेश,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, फोटोही नीट पाहिले. कोंबडा पांढरा, कोंबडी पांढरी आणि ११ पिल्लांत ५ काळी-तांबडी! वहिनींनी लगेच शेजारच्या लाल कोंबड्यावर आळ घेतला म्हणतोस. आळ खराही असेल. पण त्या बिचाऱ्याने कुंपण न ओलांडताही हे घडू शकतं.

कोंबडीला पांढरेपण दोन निरनिराळ्या वाटांनी येतं. एक वाट लेगहॉर्न जातीची. तिच्यातलं जनुक काळा रंग दाबून टाकतं, आणि त्याची आई-बापांपैकी एकाकडून आलेली एकच प्रत असली तरी पुरते. मात्र एकाच प्रतीवर दाब थोडा सैल राहतो आणि पांढऱ्या अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी काळी पिसं दिसतात. तुझ्या कोंबड्याचा फोटो मोठा करून बघ: पंखाच्या मुळाशी एक काळं पीस आहे आणि मानेवर दोन बारीक ठिपके. दुसऱ्या वाटेवर रंग बनवणारं टायरोसिनेज हे विकरच पिसांत नीट काम करत नाही. त्यासाठी आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. पांढऱ्या प्लिमथ रॉक जातीचं पांढरेपण या वाटेचं. अशी कोंबडी बहुधा निखळ पांढरी असते, तुझ्यासारखी. म्हणजे तुझ्या कोंबडीसारखी.

आता दाबणाऱ्या जनुकाची एकच प्रत असलेला कोंबडा आणि अशी कोंबडी एकत्र आले की निम्म्या पिल्लांना बापाचं दाबणारं जनुक मिळतं, ती पांढरी. उरलेल्यांना ते मिळत नाही. शिवाय बापाकडून विकराची चांगली प्रत येते, त्यामुळे आईच्या सदोष प्रतीचं काही चालत नाही आणि आड दडलेला रंग उघडा पडतो. ११ पैकी ५ म्हणजे हिशेबात बसतंय. लेगहॉर्नच्या पांढऱ्याआड बरेचदा काळा रंग आणि आडवे पट्टेही असतात, तेव्हा एखादं पट्टेरी पिल्लू निघालं तरी चकित होऊ नकोस. हे जनुक तांबड्या रंगाला मात्र नीट दाबत नाही. अंग तांबूस आणि शेपटी पांढरी असा कोंबडा दिसला, तर त्याच्या पूर्वजांत लेगहॉर्न शोधावा.

पण गंमत बघ, तुझ्या कोंबडीवर लाल कोंबडा चढला असता तरी पिल्लं रंगीतच निघाली असती. तेव्हा नुसत्या रंगावरून निकाल लागत नाही. कोंबड्याची परीक्षा घ्यावी लागेल, आणि ती अशी घे.

दोन निखळ काळ्या तलंगा (तरुण कोंबड्या) आण, ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प जातीच्या असल्या तर उत्तम. आधी त्यांना ३ ते ४ आठवडे कोणत्याही कोंबड्याशिवाय ठेव. इथेच बहुतेकांचं चुकतं. कोंबडीच्या पोटात नराचं वीर्य २ ते ३ आठवडे टिकतं, म्हणजे आज नर बदलला तरी पुढची बरीच अंडी जुन्याचीच असू शकतात. मुदत संपली की तुझा पांढरा कोंबडा आत सोड आणि आठवड्याने अंडी गोळा करायला लाग. अंडी ७ दिवसांहून शिळी नकोत आणि ठेवताना टोकाकडची बाजू खाली. खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली १० ते १२ ठेव. पंख्याचं उबवणी मशीन असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस, आणि १८व्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत. त्याच दिवशी प्रत्येक कोंबडीची अंडी वेगळ्या जाळीच्या पिशवीत घाल, नाहीतर २१व्या दिवशी सगळी पिल्लं एकात एक होऊन बसतील. पायात रंगीत झिप-टाय घाल, पण पाय जाड होतो तशी दर आठवड्याला सैल घालून बदल. विसरलास तर ती मांसात रुतते.

निदान ८ पिल्लं मिळू देत. सगळी पांढरी किंवा ठिपक्यांची निघाली तर कोंबड्याकडे दाबणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आहेत. निम्मी रंगीत निघाली तर एक. दोन प्रती असलेल्या कोंबड्याला काळ्या अंगाचं पिल्लू होऊच शकत नाही, तेव्हा त्या निकालात तुझी काळी पिल्लं शेजाऱ्याची. सगळीच्या सगळी रंगीत निघाली, तर कोंबडाही दुसऱ्या वाटेचा पांढरा, आणि कोंबडी त्याच वाटेची असेल तर त्या दोघांना रंगीत पिल्लू होणं शक्य नाही. मग वहिनी जिंकल्या. एक प्रत असूनही ८ पिल्लं निव्वळ योगायोगाने रंगीत निघण्याची शक्यता २५६त १ एवढीच.

कडकनाथाचं तुझं दुखणं वेगळं आहे. कडकनाथ कोंबडा गावरान कोंबड्यांवर सोडलास, तलंगा काळ्या कातडीच्या निघाल्या आणि नर फिकट, म्हणून विकणाऱ्याने फसवलं असं वाटतंय तुला. बहुधा नाही फसवलं. कातडी-मांसाचं काळेपण एका जनुकाने येतं, पण ते रोखणारं दुसरं जनुक झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या गावरान कोंबडीकडे हे रोखणारं असतं. कोंबडीकडे झेड एकच, कोंबड्याकडे दोन. आईचा झेड फक्त मुलग्यांना जातो, मुलींना मिळतो तो बापाचाच. म्हणून मुलं आईचं रोखणारं घेऊन फिकट होतात आणि मुली बापासारख्या काळ्या राहतात. उलट जोडी लावलीस, कडकनाथ कोंबडी आणि पिवळ्या पायाचा कोंबडा, तर सगळीच फिकट निघतील. पिसांचा काळेपणा आणि कातडीचा काळेपणा यांचा एकमेकांशी संबंध नाही. बाजारात काळ्या पिसांचं कुठलंही कोंबडं ‘कडकनाथ’ म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा घेताना तुरा, जीभ, चोचीच्या आतली बाजू आणि तळपाय बघ.

पिवळ्या पायांवरून आठवलं. लाल रानकोंबड्याची कातडी पांढरी. पिवळ्या कातडीचं जनुक आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आलं, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. तेही दडून राहणारं आहे, त्यामुळे पांढऱ्या पायाच्या जोडीला पिवळ्या पायाचं पिल्लू झालं तर बापावर संशय घेऊ नये.

निळसर राखाडी रंगाची जोडी घेणार आहेस ना? घेताना एवढं लक्षात असू दे, हा रंग कधीच पक्का होत नाही. निळा गुणिले निळा म्हणजे सरासरी चौथा हिस्सा काळी, निम्मी निळी, चौथा हिस्सा फिकट पांढुरकी शिंतोड्यांची. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि शिंतोड्यांचा असा जोडा लाव. विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

आणि घाईने निकाल देऊ नकोस. काळ्या जातीची पिल्लं पोटाला आणि पंखाच्या टोकांना पांढरट-पिवळट असतात, पुढे काळी होतात. पक्का रंग पाच-सहा महिन्यांनी बघ. जखम झालेल्या जागी नवं पीस पांढरं येऊ शकतं. खाद्यात लायसिन किंवा तांबं कमी पडलं तरी रंग उतरतो, तेव्हा नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ठेवू नकोस.

वहिनींच्या आईंची ती म्हातारी कोंबडी नराची पिसं धरून आरवायला लागली, त्यात अपशकुन काही नाही. कोंबडीचा डावाच अंडाशय कामाचा असतो. तो बिघडला की मादीचं संप्रेरक कमी पडतं आणि पुढच्या पीसगळीनंतर नराची पिसं येतात. कापायची तर म्हातारी झाली म्हणून कापा.

अंड्यांवर खूण पेन्सिलनेच कर, स्केचपेनने नको, आणि कोणत्या कोंबडीची, कोणत्या तारखेची ते दोन्ही लिही. निकाल लागला की आकडे कळव. लाल कोंबडा निर्दोष ठरला तर वहिनींना मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझा,
वसंत