शिऱ्या, रांजणाबद्दल लिहितोय

प्रिय शिऱ्या,

दोन वर्षं झाली, ना पत्र ना फोन. अण्णा गेले तेव्हाही मी चार ओळींचा मेसेज टाकून मोकळा झालो, ते अजून बोचतंय. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तब्येत ठीक आहे. गुडघा आहे तसाच.

आमच्या म्युझियममध्ये एक कोरियन रांजण आहे. तिकडे त्याला दालहांगारी म्हणतात, म्हणजे चंद्ररांजण. जोसन राजवटीतला, 18व्या शतकातला, 45 सेंटिमीटर उंच. पांढरा, पण चुन्यासारखा नाही. दुधावर साय धरते ना, तसा. एवढं मोठं पोट चाकावर एका दमात उठवायला गेलं की माती खचते, हे तुला मी काय सांगणार! म्हणून दोन मोठे वाडगे वेगवेगळे करायचे आणि तोंडाला तोंड लावून जोडायचे. भट्टीत सगळं थोडं बसतं, त्यामुळे अगदी गोल असा एकही सापडायचा नाही. आमचा डावीकडे कललाय. तुझा पहिला माठ आठवतो? तसाच. (चिडू नकोस, तो माठ मला आवडायचा.)

परवा हा रांजण दीड फूट मागे घ्यायला सांगितलं, कारण खोलीत नवीन काम आलंय. भिंतभर पडद्यावर असाच एक रांजण अधांतरी फिरतो, फुटतो, आणि तुकडे सावकाश परत येऊन जुळतात. काम चांगलं आहे रे. मी दोनदा पूर्ण पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून रांजण उचलला, तेव्हा हातमोज्यातून माझ्या बोटांना पोटावरचा सांधा लागला. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, हाताला मात्र लगेच कळतो. बारीकशी कड, आणि एका जागी कुणाचा तरी अंगठा जरा जास्त दाबला गेलाय. माझा अंगठा नेमका त्या खळग्यात बसला. समोरची म्हणत होती, "चल, पुढे सरक," आणि माझे पाय हलेनात.

दुपारी एक लहान मुलगी त्याच्यासमोर उभी राहून आईला विचारत होती, "हा त्या व्हिडिओसाठी वापरला होता का?" आई म्हणाली, "असेल." आणि दोघी पडद्याकडे वळल्या.

पोटात धस्स झालं. मुलीचं काय चुकलं? आम्ही मांडलंच तसं होतं. कार्यालयाच्या दारात आजोबांच्या तसबिरीला हार घालतात आणि आत लग्न लागतं, तशी त्या रांजणाची गत झालीय.

प्रिन्स ऑफ वेल्समध्ये टाटांच्या चिनी भांड्यांसमोर आपण किती भांडायचो! तू म्हणायचास, जुन्याला एकटं राहू द्या. मी म्हणायचो, एकटं ठेवलं की मरतं. त्याच भांडणात माझ्या वडापावची चटणी तुझ्या स्केचबुकवर सांडली आणि तू आठवडाभर बोलला नाहीस. शिऱ्या, मी अजून माझ्याच बाजूला आहे. नवं-जुनं शेजारी ठेवणं हे काही आजच्या क्युरेटरांच्या डोक्यातून निघालेलं नाही. न्यूयॉर्कच्या मेटमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, हान गान या चिनी चित्रकारानं साधारण 750 साली काढलेला घोडा आहे, खुंटाला बांधलेला, मान वर करून खिंकाळणारा. त्याच्या भोवती पुढच्या कित्येक शतकांतल्या मालकांचे आणि रसिकांचे लाल शिक्के, मजकूर. चित्र आणि त्याकडे पाहणारे एकाच गुंडाळीत. पण त्यातल्या कुणी घोड्याला मागे सरकवलं नाही.

त्याच मेटनं 2013च्या डिसेंबरात चिनी कलेच्या कायमच्या दालनांतच 35 समकालीन चित्रकार-शिल्पकारांची कामं मांडली होती. मी मुद्दाम गेलो होतो. जान वांगचा स्टीलचा खडक होता, चिनी विद्वान बागेत आणि टेबलावर ठेवायचे त्या दगडांचं चकचकीत रूप. तो पाहिल्यावर खऱ्या दगडांची भोकं, सुरकुत्या मी पहिल्यांदा नीट पाहिल्या. नव्यानं जुन्याकडे बोट दाखवलं होतं.

आणि बर्नार्ड लीच आठवतो ना, तो इंग्रज कुंभार? 1935 साली सोलमध्ये त्यानं असाच एक चंद्ररांजण घेतला. तो पुढे लूसी री या कुंभारणीकडे गेला आणि तिच्या लंडनच्या स्टुडिओत तिच्या भांड्यांच्या संगतीत राहिला. 1999 साली ब्रिटिश म्युझियमनं घेतला. मला तो शेजार सगळ्यात हेवा वाटण्यासारखा वाटतो: एकीकडे चाक फिरतंय, ओल्या मातीचा वास आहे, आणि हा बसलाय.

आमच्या खोलीत वास नाही, उजेडही नाही. पडद्याला अंधार लागतो. रेशमावरच्या चित्रांना मंद उजेड हवा हे मान्य, ती उजेडानं विरतात, काही महिने दाखवून पेटीत ठेवावी लागतात. पण चिनीमातीला ऊन काय करणार? दिवस कलतो तसा तो पांढरा बदलत जातो. ते अंधारात, पडद्याच्या निळ्या झोतात कसं दिसणार? म्हणजे तुझं अर्धं बरोबर होतं. एकटं नको, पण त्याचा उजेड त्याला हवा.

सोमवारी बैठक आहे. मी सांगणार आहे की रांजण आधी भेटावा, खिडकीपाशी, चारी बाजूंनी फिरता येईल असा. पडदा पलीकडच्या खोलीत. ऐकतील का, माहीत नाही. दोन रात्री झोप नाही.

तुझी नवी भट्टी पेटली का? छोटीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. दोन वाडगे जोड, वाळू दे, आणि न भाजता उभा काप. आतला सांधा दिसेल असा फोटो काढ, शेजारी तुझा हात ठेवून. मला तो बैठकीत दाखवायचाय. कच्च्या मातीला वाळायला वेळ लागतो हे मला कळतं, म्हणून हे पत्र मिळताच मातीला हात घाल.

तुझा,
नंदू