मे महिन्यात कुटाचा डबा बंद

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी घाईत सांगितलं आणि आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला माहीत आहे, म्हणून आज सगळं नीट लिहितेय. यंदा सुट्टीत छकुलीबरोबर तिची मैत्रीण परी मिरजेला येणार आहे. तिच्या आईला मी हो म्हटलंय, तिकिटंही काढून झालीत.

तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारायला वेळच नव्हता. परीच्या आईचं ऑपरेशन अचानक ठरलं. परीचे बाबा दवाखान्यात असणार, दोन्हीकडचे आजी-आजोबा नाहीत. तशी ठेवून घ्यायला माणसं पुष्कळ मिळाली असती, पण या मुलीला कोणाच्याही घरी ठेवता येत नाही. तिला शेंगदाणा आणि काजू, दोन्हींची ॲलर्जी आहे. सोसायटीत कुणाचा वाढदिवस असला की ती आपला डबा घेऊन जाते आणि कोपऱ्यात बसून खाते. हल्ली काही जण तिला बोलावतही नाहीत, उगाच जोखीम नको म्हणून. नऊ वर्षांच्या पोरीला हे कळत नाही असं थोडंच आहे? आईशिवाय ती आजवर कुठे राहिलेली नाही. आमच्याकडे मात्र ती निर्धास्त जेवते, आणि आमच्या घराखेरीज मला भरवसा आहे तो तुमच्याच घराचा.

आई, मला कावीळ झाली होती तो उन्हाळा आठव. तेल नाही, तिखट नाही, आणि मी ताटावर बसून रडायचे म्हणून तू सगळ्या घराला तेच जेवण केलंस. बाबांनी, दादाने, आजीनेसुद्धा मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण मुकाट्याने खाल्लं. दादा चोरून लोणचं खाताना सापडला तर आजीने त्याला काय सुनावलं होतं! माझ्या मुलीच्या मैत्रिणीला मी त्याच घरात आणतेय. तुझे गुडघे, बाबांची मागच्या वर्षीची अँजिओप्लास्टी, सगळं डोळ्यांपुढे आहे गं. म्हणून तर मी सोबत येतेय, रजा मंजूर झाली आहे. परीचा स्वयंपाक मी करणार. तू खुर्चीवर बसून सांगायचंस, ओट्याशी उभं राहायचं नाही. मालूताईंना दोन्ही वेळ भांड्यांना यायला सांगितलंय, त्यांचे जास्तीचे पैसे मी देईन.

परी जैन आहे, त्याची काळजी तुला नाहीच. पाटीलकाकूंच्या शेजारी तुझा जन्म गेला. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, वांगं नाही, ओलं आलं नाही पण सुंठ चालते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. काकूंचा हिंग-मोहरीच्या फोडणीचा झुणका तर आपण वाटीवाटीने आणून खाल्लाय. आंबाही चालतो, ते लोक आर्द्रा नक्षत्र लागलं की सोडतात आणि त्याला जूनची वीस-बावीस तारीख उजाडते, त्यामुळे आमरस होऊ दे. कांदा-लसूण मसाल्याची बरणी तेवढी वेगळ्या फळीवर ठेव. रविवारचं मटण ती असेपर्यंत नको, बाबा. आणि ती सूर्यास्ताआधी जेवते. मेमध्ये आपल्याकडे दिवस सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसहाला पानं घ्यायची. तुम्हालाही डॉक्टरांनी लवकर जेवायला सांगितलंच आहे.

खरी अडचण आहे ती कुटाची. आपल्या घरात कूट कशात नसतं? कोशिंबिरीत, दोडक्यात, मेथीत, आमटी पातळ झाली तर आमटीत, संकष्टीच्या खिचडीत. शाळेतून आल्यावर तू कूट-गूळ-तूप कालवून माझ्या हातावर ठेवायचीस, ती चव मला अजून कुठे मिळालेली नाही. त्यामुळे हे लिहिताना जिवावर येतंय, पण लिहिते. परी येण्याआधी शेंगदाणे घराबाहेर गेले पाहिजेत. नुसतं "तिच्या भाजीत घालू नका" एवढ्याने भागत नाही. कुटाचा चमचा तिखटाच्या वाटीत जातो, तोच हळदीत. मिक्सरच्या भांड्याचं पातं काढून खालची रबरी रिंग बघ, कितीही धुतलं तरी तिथे कुटाची तेलकट रेघ बसलेली असते. तेवढ्यानेसुद्धा तिला त्रास होऊ शकतो. भाजून, शिजवूनही शेंगदाण्यातला तो दोष जात नाही.

म्हणून मिक्सरचं नवीन भांडं, पोळपाट-लाटणं आणि तवा मी पुण्याहून आणतेय. पितळी डबा, खलबत्ता आणि मामाने पाठवलेलं शेंगांचं पोतं दादाकडे पाठवून दे. मिसळणाचा डबा रिकामा करून साबणाने धुवायचा आणि नवीन पाकिटं फोडून भरायचा. घाण्याचं शेंगतेलही त्या दिवसांत बंद. रिफाइंड तेलात शेंगदाण्याची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत म्हणतात, घाण्याच्या तेलात राहतात. पण मला दुसऱ्याच्या लेकरावर प्रयोग करायचे नाहीत, आपण सरळ सूर्यफुलाचं आणू. साबुदाणावडे तळून गाळून ठेवलेलं तेल पुऱ्यांना वापरायचं नाही हं.

कुटाच्या जागी तीळ आणि सुकं खोबरं भाजून घालू. तीळ तिला चालतात, ती घरी नेहमी खाते. भरली भेंडी, दोडका तीळ-खोबऱ्याचा किती छान लागतो ते तूच मला शिकवलंस. काकडीच्या कोशिंबिरीत ओलं खोबरं, शिऱ्यात काजूऐवजी बेदाणे. बदाम-पिस्तेही नकोत, तिच्या आईने बेदाणे सोडून बाकी सगळाच सुकामेवा बंद ठेवलाय. तुझी संकष्टी आली तर वरीचे तांदूळ आणि जिऱ्या-खोबऱ्याची दह्यातली काकडी कर. बिनकुटाची खिचडी तुला आवडायची नाही, ती नंतर खा.

बाबा, तुम्ही म्हणालात, थोडं थोडं दिलं की अंगवळणी पडतं. कृपा करून असं काही करू नका. २०१५ साली लंडनच्या डॉक्टरांचा जो अभ्यास आला तो चार ते अकरा महिन्यांच्या बाळांचा होता. त्यांना एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी होती, पण शेंगदाण्याची पक्की ॲलर्जी जडलेली नव्हती. त्यांना लवकर शेंगदाणा सुरू केल्यावर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूप कमी निघालं. परीची ॲलर्जी जडून गेलेली आहे. तिला सवय लावायची झाली तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आपल्या ओसरीवर नाही.

घाबरू मात्र नका. नुसत्या वासाने काही होत नाही, पोटात गेलं तर होतं, असं तिच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलंय. तरी काय बघायचं ते लिहून ठेवते. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, एकदम उलट्या झाल्या, खोकला लागला, आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा पोरगी मलूल पडली, तर आमसुलाचं पाणी लावत बसायचं नाही. पित्ताची गोळी देऊन वाटही बघायची नाही, त्या गोळीने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. श्वासाचं लक्षण दिसलं किंवा ती गळून गेली की लगेच तिच्या लाल पाऊचमधलं ॲड्रेनलिनचं पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं. फ्रॉकवरून चालतं. मग १०८ ला फोन. तिला आडवं निजवायचं, धाप असेल तर टेकवून बसवायचं, पण चालवायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही, हा मोठाच आधार आहे. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही आणि गॅसजवळही नाही. सरावाचं, सुई नसलेलं पेन मी आणतेय, ते दोघांनीही माझ्यासमोर टोचून दाखवायचं. आई, "मला नाही जमायचं" हे चालणार नाही. दादाला डांग्या खोकला झाला तेव्हा रात्ररात्र तू एकटीने काढल्या होत्यास.

शेजारून आलेला प्रसाद, पंजिरी, चिवडा, चिक्की काहीही आलं तरी परस्पर मुलींच्या हातात द्यायचं नाही. पाकीटबंद वस्तूवर ॲलर्जीची सूचना छापलेली असते, ती चष्मा लावून वाचा. सुट्टं फरसाण आणूच नका. बाहेरून शेंगा खाऊन आलात तर साबणाने हात धुवा, तोंड धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. परीला हे सगळं माहीत आहे, ती स्वतः विचारून खाते. तिने "आजी, यात काय आहे?" असं विचारलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातावर तिचा विश्वास नाही असा त्याचा अर्थ नाही गं.

आम्ही कोयना एक्सप्रेसने येतोय, संध्याकाळी पोचू. तिचा डबा ती गाडीतच उजेडी खाईल, त्यामुळे स्वयंपाकाची धावपळ नको. छकुलीला आणि मला तुझा गरम भात-आमटी पुरे. बाबा, स्टेशनवर येऊ नका, उन्हाचं उभं राहायचं नाही. आम्ही रिक्षा करू. सकाळची गोळी जेवणाआधीची आहे, ती विसरू नका.

तुमची,
माई

ता. क. बाबा, संध्याकाळी दाण्यांऐवजी फुटाणे खाईन म्हणालात, पण तेही भट्टीवरून आणू नका. तिथे शेंगा आणि हरभरे एकाच वाळूत भाजतात. मी मखाणे आणतेय, साजूक तुपावर मीठ-मिरपूड घालून परतून देईन. साखरेच्या दृष्टीनेही बरे. आवडले नाहीत तर फोनवर सांगा, दुसरं काहीतरी बघू.