चटणी कुटल्याने फरशी फुटत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

विषय : पॅसेज व लॉबीतील फुटक्या फरश्यांबाबत, तसेच खलबत्त्याची सूचना मागे घेण्याबाबत

महोदय,

सूचना फलकावर लागलेला कागद वाचला. पॅसेजमध्ये खलबत्त्याने कुटू नये, फरशी फुटल्यास खर्च संबंधित सभासदाकडून वसूल केला जाईल. नाव घातलेले नाही, पण दुसऱ्या मजल्यावर शेंगाचटणी कुणाकडे कुटतात हे सगळ्या विंगला वासावरूनच कळते. समोरच्या काकू वारा लागतो म्हणून दारात बसून कुटतात. त्या दिवसापासून खलबत्ता माळ्यावर गेला आहे आणि काकू माझ्याशीसुद्धा धड बोलत नाहीत. मी कमिटीत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

माझे म्हणणे एवढेच, की फरश्या काकूंमुळे फुटलेल्या नाहीत. आणि कारण न शोधता नव्या फरश्या बसवल्या, तर त्याही फुटतील.

एप्रिलमध्ये लिफ्टजवळच्या दोन फरश्या उठल्या, तेव्हा मी घरातच होते. दुपारचे तीन वाजलेले, पॅसेजमध्ये चिटपाखरू नाही. कुकरचे झाकण उडावे तसा आवाज झाला. बाहेर येऊन पाहते तर दोन फरश्या एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या. ती जागा काकूंच्या दारापासून तीसेक फूट लांब आहे.

वॉचमनने त्यातली एक फरशी उचलून बाजूला ठेवली. मी ती उलटी करून पाहिली. पाठ कोरी होती. सिमेंटचा कणही चिकटलेला नाही, उलट कारखान्यातून येताना पाठीवर असते ती पांढरी पूड बोटाला लागली. खाली जमिनीवर सिमेंटच्या मसाल्याचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, भाकरीच्या उंड्यांसारखे. मधली सगळी जागा रिकामी. फरशी जमिनीवर बसलेली नव्हतीच, पाच उंड्यांवर टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी लाटणे घेऊन सगळा पॅसेज ठोकून पाहिला. (लोक हसले, हसू देत.) फरशी भरीव बसली असेल तर आवाज बद्द येतो, खाली पोकळी असेल तर डबा वाजवल्यासारखा. चाळीस फरश्यांपैकी सतरा पोकळ वाजल्या. त्यातल्या पाच कोपऱ्यातून तडकलेल्या आहेत, आणि कोपरा हीच पोकळीवर सगळ्यात आधी तुटणारी जागा. काकूंच्या दारासमोरची फरशीही पोकळच आहे. तिच्यावर खलबत्ता नाही, भरलेले सिलिंडर ठेवले असते तरी ती गेलीच असती.

माझे सासर पूर्व भागातले. खाली चार माग दिवसरात्र ठोकायचे, मधल्या खोलीत उखळ होते, आणि जमीन शहाबादी. एखादी फरशी सोडली तर तीस वर्षांत काही झाले नाही. शहाबादी जाड असते हे खरे, पण तिची खालची बाजू खडबडीत असते, मसाला तिला धरतो, आणि गवंडी ती भरगच्च मसाल्यावर ठोकून बसवायचा, जोडही बोटभर सोडायचा. आपल्या पॅसेजमधली विट्रिफाइड फरशी निराळी. ती अर्धा टक्काही पाणी पीत नाही. म्हणून नुसत्या सिमेंटच्या स्लरीने, म्हणजे पातळ कालवणाने, ती धरली जात नाही, आधी पाठीवरची पूड पुसून टाइल अ‍ॅडेसिव्हच (फरशी चिकटवायचा तयार मसाला) लावावे लागते. त्याला भारतीय मानक आहे, आयएस १५४७७. पोत्यावर तो आकडा असतो, काम सुरू होण्याआधी कुणीतरी वाचावा.

आता फरशी उठली कशाने? आपला पॅसेज चाळीस फूट, म्हणजे १२ मीटर. पश्चिमेच्या जाळीतून दुपारभर ऊन येते आणि इथला मे महिना आपल्याला माहीत आहेच. अशी फरशी तापली की एका अंशाला मीटरमागे साधारण ०.००७ मिलिमीटर वाढते. जानेवारीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तिच्या तापमानात २५ अंशांचा फरक पडला, तरी १२ मीटरला दोन मिलिमीटर झाले. त्यात खालचे काँक्रीट सुकताना सुरुवातीची काही वर्षे आकसत राहते, फरशी मात्र आकसत नाही. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण आपल्या कंत्राटदाराने फरशीला फरशी भिडवली, दोन्ही टोकांना भिंतीला भिडवली, वर स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) सिमेंटने घट्ट केले. वाढणाऱ्या फरशीला जायला जागा वरच उरली. 'जोड दिसत नाही, एकदम काचेसारखे' असे तेव्हा आपणच सगळे कौतुक करत होतो, मीही.

तळमजल्याच्या लॉबीचे दुखणे वेगळे आहे, दोन्हींसाठी एकच कोटेशन मागवू नये. तिथे फरश्या पोकळ वाजत नाहीत. चीर लिफ्टच्या दारापासून मीटरबॉक्सपर्यंत पाच-सहा फरश्यांतून सलग गेली आहे. चीर अशी एकीतून दुसरीत जाते तेव्हा दोष फरशीचा नसतो, खालची जमीन हललेली असते. गोटी ठेवून पाहा, मीटरबॉक्सकडे घरंगळते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात गच्चीचा पाइप नेमका त्या कोपऱ्यात मातीत सोडलेला. मला वाटते भराव नीट दाबलेला नव्हता आणि पाण्याने तो बसला. आधी ते पाणी गटारात न्यावे. मग तेवढा भाग उकरून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकावा, त्यावर काँक्रीट, आणि फरशी सगळ्यात शेवटी. गच्चीच्या फरश्यांचे पावसाळ्यानंतर बघू, तिथे गळती नाही.

पॅसेजचे काम देताना कंत्राटदाराकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. गोळे ठेवून फरशी बसवायची नाही. दातेरी थापीने अ‍ॅडेसिव्ह सगळीकडे पसरायचे, आणि पहिल्या दोन-तीन फरश्या बसवल्या बसवल्या उचलून पाठ भरली आहे का ते दाखवायचे. दोन फरश्यांत स्पेसर (अंतर राखणारे छोटे तुकडे) घालून किमान २ मिलिमीटर जोड. भिंतीकडेने ६ मिलिमीटर जागा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, फक्त तिच्यात सिमेंट भरायचे नाही. आणि ऊन येते म्हणून दर दहा-बारा फुटांवर एक आडवा जोड सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरायचा. दिसायला थोडा वेगळा दिसेल, दिसू दे. खाली नवा कोबा केला तर त्याला पाणी मारून चार आठवडे थांबावे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी काम उरकायची घाई मागच्या वेळीही झाली होती.

त्याच बॅचच्या आठ-दहा फरश्या जादा घेऊन मीटररूममध्ये ठेवाव्यात, नंतर तो रंग मिळत नाही. सफाईवाल्या मावशींना अ‍ॅसिडही देऊ नये, ते जोडातले सिमेंट खाते.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि तोवर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, ही विनंती. फलकावरची सूचना मात्र सभेपर्यंत न थांबता काढावी. ती उखडलेली फरशी मी फेकलेली नाही, गॅलरीत उलटी ठेवली आहे. संध्याकाळी सहानंतर कधीही येऊन पाठ पाहावी.

आपली,
सभासद, दुसरा मजला