साक्रीकडच्या आबांना, मनापासून थँक्यू

आबा, नातवाला सांगितलंय हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखव म्हणून, आजींनाही जवळ बसवा.

मी धुळ्यात बसून टॅपेस्ट्री विणते, म्हणजे भिंतीवर लावायचं लोकरीचं चित्र. तुम्हाला माहितीये, पण बाकीच्यांसाठी सांगते, यात ताणा, म्हणजे उभे धागे, अजिबात दिसत नाही, सगळं चित्र बाण्याचंच, म्हणजे आडव्या धाग्यांचं, आणि प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या भागापुरता जाऊन मागे फिरतो, घोंगडीसारखा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. शिकले सगळं व्हिडिओ बघून आणि त्यात जिकडे तिकडे मेरिनो मेंढीची लोकर, मऊ आणि महाग. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचते, तिला कोण विचारतं, असंच ऐकत आले होते. तुम्ही एकटे म्हणालात, भिंतीला कुठे टोचतं, घेऊन जा.

आजींनी कातलेलं ते काळं सूत उन्हात धरून बघितलं तेव्हा कळलं की ते नुसतं काळं नाहीच, मेंढ्या उन्हातान्हात फिरतात तर केसांची टोकं तांबूस होतात आणि कातताना ते तांबूसपण सुतात मिसळून जातं. मला नांगरलेली काळी जमीन विणायची होती, खान्देशातली, कापूस लावायच्या आधीची. असा रंग कुठल्या डब्यात मिळाला असता सांगा.

आणि ती खळ! एकेरी लोकरीच्या ताण्याला तूस सुटतं, धागे एकमेकांना चिकटतात, तर तुम्ही चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून खळ शिजवली आणि कुंच्याने ताण्यावर अशी फिरवली की केस न केस खाली बसला. वयाचं कारण सांगून सहज नाही म्हणता आलं असतं तुम्हाला, उलट अर्धा दिवस माझ्यासोबत उभे राहिलात.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका वाक्याचे. टॅपेस्ट्रीत कडा आत ओढल्या जातात हे सगळ्यांचंच दुखणं, कारण बाण्याला ताण्याच्या वरखाली जायला जास्तीची लांबी लागते. पुस्तकात लिहितात धाग्याची कमान करा, मग फणीने ठोका. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "वढू नको, त्याले त्यानी जागा लेऊ दे." तेव्हापासून माझ्या कडा सरळ येतात.

पॅरिसच्या गोबेलाँ या टॅपेस्ट्रीच्या कारखान्याचं सांगितलं होतं ना, १६६२ पासूनचा, तिथले विणकर मागच्या बाजूने विणतात आणि पुढचं चित्र आरशात बघतात, त्याचा व्हिडिओ नातवाच्या फोनवर पाठवलाय, नक्की बघा. मला तर वाटतं तुमचा हात त्या लोकांनीही बघायला पाहिजे.

पुढच्या कातरणीची काळी आणि करडी लोकर माझ्यासाठी राखून ठेवा आबा, आजींच्या कातण्याचे पैसे यावेळी आधीच देणार आहे, आणि ते घ्यावेच लागतील.

तुमची,
धुळ्याची पोर