जूनआधी पुरतील एवढे शब्द

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, "आम्ही तिथे येऊन काय करणार, एक अक्षर कळायचं नाही" असं तू परवा फोनवर म्हणालीस. जूनच्या तिकिटांचं "बघू, बघू" चाललंय ते यासाठीच ना? म्हणून हे पत्र. पुस्तक-बिस्तक काही आणायचं नाही. मी घेतलेलं ग्रीक शिकायचं पुस्तक "हा माझा भाऊ, हे टेबल" यापुढे सरकतच नाही. अथेन्समध्ये मी कोणाला टेबल दाखवत फिरू?

ऑफिसात सगळं इंग्रजीवर भागतं. ग्रीक लागतं ते रस्त्यावर, आणि मी ते शिकले भाजीबाजारात. इथे प्रत्येक भागाचा आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. त्या दिवशी रस्ता बंद करून दोन्ही बाजूंना गाळे लागतात, त्याला 'लाईकी' म्हणतात. थोडक्यात, आपला आठवडी बाजार. पिशवी घ्यायची, हाताने निवडून घ्यायचं, कोणी "ताई, दाबू नका" म्हणत नाही. दुपारी उठायच्या वेळेला भाव उतरतात, हे तुला सांगायला नकोच.

तिथे गेलीस की 'कालिमेरा', म्हणजे सकाळचा नमस्कार. मग 'पोसो कानी?', केवढ्याला? 'मिसो किलो', अर्धा किलो. कांदे 'क्रेमिद्या', लसूण 'स्कोर्दो', वांगी 'मेलिद्झानेस', आणि भेंडी 'बाम्येस'! अगदी कोवळी, बोटाच्या पेराएवढी भेंडी उन्हाळ्यात येते. जूनचा हट्ट त्यासाठीच. एक मात्र बघ, कोथिंबिरीसारखी दिसणारी जुडी उचलशील ती 'मैदानोस', म्हणजे पार्सली. वास घेऊनच घे. पैसे देताना 'एफ्खारिस्तो', धन्यवाद. त्यावर तो 'पाराकालो' म्हणेल.

सगळ्यात घोळ होतो तो 'ने' चा. 'ने' म्हणजे हो! नाही म्हणजे 'ओखी'. आपल्या कानाला 'ने' हे नकारच वाटतं, आणि वर भाजीवाला ते हसत म्हणतो. पण तोंडाने काही न बोलता हनुवटी किंचित वर करून जिभेने चक् केलं की इथेही नाहीच. हे तर तुला शिकवायलाच नको, बाबांनी दुसऱ्यांदा चहा मागितला की तू नेमकं तेच करतेस.

बाबा, तुमचं काम सोपं आहे. अर्धी अक्षरं तुम्ही भूमितीच्या तासाला फळ्यावर काढलेलीच आहेत. फक्त उच्चार बदलले आहेत, तुमचा 'पाय' (π) इथे 'पी' आणि बीटा इथे 'व्हीता'. 'ई' हा एकच उच्चार मात्र निदान पाच तऱ्हांनी लिहितात. तेव्हा वाचायला शिका, लिहायच्या फंदात पडू नका. 1982 साली सरकारने आघाताच्या निरनिराळ्या खुणा काढून एकच ठेवली, तेवढा तरी त्रास वाचला. आकडे म्हणून बघा: दिओ, त्रिआ, पेन्दे, एफ्ता, ओक्तो, देका. संस्कृतातले द्वि, त्रीणि, पंच, सप्त, अष्ट, दश शेजारी मांडा, पाठ करावंच लागत नाही. लिंगंही आपल्यासारखीच तीन, आणि वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणायची पद्धतसुद्धा. माझ्या वर्गातल्या इंग्रज मुलीला ब्रेडला लिंग का असावं हेच पटत नाही.

इथल्या बसवर 'केंत्रो' लिहिलेलं असतं, म्हणजे शहराचा मध्य. पत्रिकेतली तुमची केंद्रस्थानं हीच, ग्रीकांकडून आलेली. होराही त्यांचीच. इथे आता 'ओरा' म्हणतात, आणि 'ती ओरा इने?' म्हणजे किती वाजले. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, लेख तुम्हीच मला दाखवले होतेत, आता त्यांच्या गावाकडे यायला काय हरकत आहे? आणि हो, इथली मुलं वडिलांना हाक मारतात ती 'बाबा' अशीच. 'ब' साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून म आणि प जोडून लिहितात. ट्राममध्ये कोणी ओरडलं की मी अजूनही मान वळवते.

बाकी कामाचं. औषधांचं दुकान म्हणजे 'फार्माकीओ', बाहेर हिरवा क्रॉस असतो. तरी रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणा, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. तूरडाळ आणू नका, इथल्या ओमोनिया चौकाच्या मागच्या गल्ल्यांत मिळते. गोडा मसाला मात्र हवाच. व्हिसाच्या कागदांची यादी दादाला पाठवली आहे. उन्हाळ्यात पर्यटकांमुळे विमानाचे दर चढतात, तेव्हा 'ने' की 'ओखी' ते या रविवारच्या आत कळवा.

तुमची,
मुक्ता