डिक्कीत पुऱ्या मापाची स्टेपनी बसवण्याची सोय नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मोटार कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय: बारीक स्टेपनीऐवजी बाकी चार चाकांच्या मापाची स्टेपनी बसवण्यासाठी लागणारे भाग व लेखी परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची पाच आसनी पेट्रोल गाडी मी बेळगावातल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली आहे. गाडी नंबर, चासी नंबर सोबतच्या आरसीच्या प्रतीत आहेत. गाडीबद्दल एरवी बोट ठेवायला जागा नाही. इंजिन चांगलं आहे, आईला मागच्या सीटवर कंबर न दुखता बसता येतं, एसी उन्हाळ्यातही पुरतो. तक्रार एकाच वस्तूची आहे: डिक्कीच्या फळीखाली पिवळ्या स्टिकरची जी बारीक स्टेपनी आपण दिली आहे तिची. आणि त्याहून मोठी तक्रार अशी, की ती काढून तिथे नेहमीच्या मापाचं चाक ठेवायचं म्हटलं तर आपल्याकडून तोंडी नकाराखेरीज काही मिळत नाही.

गाडीची चार चाकं 205/60 आर 16 ची, म्हणजे 205 मिलिमीटर रुंद टायर, 16 इंची रिम. स्टेपनी टी 125/90 आर 16. चालू चाकाचा व्यास 652 मिलिमीटर, स्टेपनीचा 631. स्टिकरवर लिहिलंय, हवा 60 पीएसआय, वेग जास्तीत जास्त ताशी 80 किलोमीटर, वापर तात्पुरता. यातलं एक अक्षरही विक्रीच्या पत्रकात नव्हतं. तिथे 'स्पेअर व्हील' पुढे बरोबरची खूण होती, बस्स.

माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. दिवसभर कास्टिंगला बोअर मारायचा आणि मापं तपासायची, हाच धंदा. त्यामुळे भांडायच्या आधी मी डिक्की मोजली. फळीखालचा खळगा 670 मिलिमीटर व्यासाचा भरला. 631 च्या चाकाला 670 चा खळगा कशाला? चालू मापाचं चाक त्यात आडवं ठेवून बघितलं तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मिलिमीटर मोकळे राहिले. पत्रा दाबतानाच मोठ्या चाकाचा विचार झाला होता, असं माझं मत आहे. खर्च वाचवायची बुद्धी नंतर कुणाला तरी झाली असावी.

अडतं ते फक्त उंचीत. बारीक टायर 125 रुंद, मोठा फुगवट्यासकट 209. म्हणजे मोठ्या चाकावर फळी 84 मिलिमीटर वर येते, सव्वातीन इंच. डिक्कीची फरशी 980 बाय 780. गुणाकार केला तर 64 लिटर जागा जाते. तीही सगळी जात नाही, कारण वर उचललेल्या फळीखाली चाकाच्या चारी कोपऱ्यांत पोकळी उरते. तिथे जॅक, पाना, दोरी, छत्री, पाण्याची बाटली आरामात मावते. एक फायदा तर मलाही अपेक्षित नव्हता. मागची सीट आडवी केली की आता डिक्कीत जी पायरी लागते, ती फळी वर आल्यावर जवळजवळ नाहीशी होते. तांदळाचं पोतं उचलून टाकावं लागत नाही, सरळ आत ढकलता येतं. मग कंपनीला ही गोष्ट ग्राहकांपासून लपवून काय मिळतं, हे मला खरोखर समजलेलं नाही.

शोरूममध्ये आधी वजनाचं आणि मायलेजचं कारण सांगितलं. मी दोन्ही चाकं आमच्या काट्यावर ठेवली. लोखंडी डिस्कवरचं मोठं चाक 18 किलो, बारीक 12 किलोच्या आसपास. सहा किलोंनी मायलेज पडत असेल, तर शनिवारच्या बाजाराला बायकोला मागे ठेवून मी एकट्यानेच जायला हवं. मग नियमाचं कारण आलं. जुलै 2020 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले, हे मलाही ठाऊक आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या आणि चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. विक्रेत्याच्या बोलण्याचा सूर असा होता, की स्टेपनी दिली हेच आमचे उपकार माना. पण 'नाही दिली तरी चालते' असं सांगणारा नियम 'मोठी देऊ नका' असं कुठे म्हणत नाही. आणि त्या संचातलं भोक बुजवायचं द्रावण टायरच्या तळव्यात घुसलेल्या खिळ्यापुरतं. टायरची बगल फाटली की त्याचा काही उपयोग नाही.

आमच्याकडे टायर बगलेतूनच फाटतो, म्हणून एवढं लिहितोय. आपले इंजिनिअर या भागात कधी आले असतील तर त्यांना माहीत असेल. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचं म्हणजे पावसाळ्यात डांबराच्या कडा तुटलेल्या, आणि कडेला जांभ्या दगडाची धार. समोरून ट्रक आला की डावं चाक खाली उतरवावंच लागतं. खानापूरहून हेम्माडग्याच्या जंगलातला रस्ता, रामनगरकडून अनमोड घाट, तिकडे आंबोली, सगळीकडे तीच कथा. संकेश्वर-चिकोडीच्या बाजूला घाट नाही, पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडा कुरतडून ठेवतात. राष्ट्रीय महामार्गावरून पुणे-बेंगळुरू करणाऱ्या माणसाला बारीक चाकावर पुढचं मोठं गाव गाठता येईल. आम्हाला कणकुंबीच्या पुढे साधी मोबाइलची रेंज मिळत नाही, 205/60 आर 16 चा टायर कुठून मिळणार?

आता प्रत्यक्ष घडलं ते. आम्ही गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेला निघालो होतो. आई, पत्नी, दोन मुलं, ओटीचं सामान, दोन दिवसांचे कपडे. डिक्की भरलेली. कणकुंबी सोडल्यावर पुढचं डावं चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि बगल दोन बोटं फाटली. याचा दोष मी कंपनीला देत नाही. रस्ता सरकारचा आणि पाऊस देवाचा.

आपल्या पुस्तिकेत लिहिलंय, बारीक स्टेपनी शक्यतो पुढच्या चाकाला लावू नये. बरोबरच आहे. इंजिनची ओढ पुढच्या चाकांवर आहे, आणि एका किलोमीटरला मोठं चाक 488 फेरे घेतं तिथे बारीक 504 घेतं. हा फरक डिफरन्शियलला, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना, उगाच सोसावा लागतो. म्हणून आधी मागचं चाक काढून तिथे बारीक लावलं, मग ते मागचं चाक पुढे बसवलं. एका पंक्चरला दोनदा जॅक, तोही भर पावसात घाटाच्या वळणाजवळ. मुलाने मोबाइलचा उजेड धरला होता, पत्नी वळणावर उभी राहून गाड्यांना हात दाखवत होती. पुऱ्या मापाची स्टेपनी असती तर हे काम निम्म्यात उरकलं असतं.

बारीक चाकात हवा किती असावी? माझ्याजवळ गेज असतो, लावून बघितला. 33. हवी 60. आपल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देऊन फार दिवस झाले नव्हते. तिथली मुलं चारही चाकांत 33 भरतात तशी पाचव्यातही 33 भरून मोकळी होतात, असं नंतर चौकशी केल्यावर कळलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही. 125 रुंदीचा टायर भरलेल्या गाडीचं वजन 60 पीएसआयच्या जोरावर पेलतो. 33 वर त्याची बगल बसते आणि टायर तापतो. माझ्याकडे बारा व्होल्टचा छोटा पंप होता म्हणून निभावलं. तो पंप 60 पर्यंत जाता जाता इतका तापला की हात लावायची सोय नव्हती. ज्याच्याकडे पंप नसेल तो तसाच घाट उतरेल, आणि त्याला हे कळणारही नाही. महोदय, बाकी सगळी तक्रार एकवेळ बाजूला ठेवा, पण एवढं तरी उद्याच्या उद्या सगळ्या सर्व्हिस सेंटरना कळवा.

मग प्रश्न आला फाटलेल्या चाकाचा. हे चाक आपल्या खळग्यात ठेवलं की फळी बसत नाही. म्हणजे गाडी विकताना जो 'प्रशस्त सामानकक्ष' दाखवला, तो चाक पंक्चर होईपर्यंतच प्रशस्त. पंक्चर झाल्यावर चाक खळग्यात, फळी त्याच्यावर तिरकी, आणि चिखलाचं पाणी ओटीच्या साडीपर्यंत. दोन बॅगा मुलांच्या मांडीवर, नारळांची पिशवी आईच्या पायाशी. फोटो जोडले आहेत. गंमत अशी, की पंक्चर झाल्यावर मोठ्या चाकाला जागा लागतेच. ती आधीपासून राखून ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? ओल्या घाटात बारीक चाकावर घाटाखालच्या साखळी गावापर्यंत उतरायला मन धजेना, म्हणून तिथूनच बेळगावला परत फिरलो. आई रस्ताभर गप्प होती.

यानंतर मी विक्रेत्याकडे साधी मागणी केली: पैसे घ्या, पण पुऱ्या मापाची स्टेपनी बसवून द्या. अलॉय नको, लोखंडी डिस्क चालेल. उत्तर आलं, असा भाग यादीत नाही. मग मी बाहेरून बसवतो म्हटलं, तर 'वॉरंटीचा प्रॉब्लेम येईल सर'. कुठल्या भागाची वॉरंटी, कोणत्या कलमाखाली, हे लिहून मागितलं. लिहून कुणी देईना. फोनवर आपल्या केंद्रातल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रार 'निकाली' दाखवून बंद केली.

शेवटी चाक मी विकत घेतलं आणि बाकीचं माझ्याच शॉपमध्ये केलं. खळग्याच्या मध्यातला चाक आवळायचा बोल्ट आखूड पडत होता, तो त्याच आट्याचा लांब करून घेतला. चाक वाटी वर करून ठेवलं, म्हणजे रिमच्या पोकळीत जॅकचा फोमचा साचा बसतो. कडेला घट्ट फोमच्या 84 मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या आणि वर आपलीच मूळ फळी ठेवली. कुठेही भोक पाडलं नाही, पत्रा कापला नाही. अर्ध्या तासात सगळं काढून गाडी होती तशी करता येते. चालताना आवाज नाही, डिक्की लागते, पडद्याची पट्टीही बसते.

तरी मी समाधानी नाही, आणि मुद्दा इथेच आहे. 18 किलोचं चाक एका बोल्टवर आवळलेलं आहे. मागून धडक बसली किंवा गाडी उलटली, तर तो बोल्ट टिकला पाहिजे. मी चांगला माल वापरला आहे, पण धडकेची चाचणी घ्यायची सोय माझ्या शॉपमध्ये नाही, ती आपल्याकडे आहे. शिवाय उद्या अपघात झाला तर विमा कंपनी 'गाडीत बदल केला' म्हणून हात वर करायला मोकळी. हे काम कंपनीने चाचणी करून, भाग क्रमांक देऊन करायचं आहे. उद्यमबागेतल्या लेथवर प्रत्येक ग्राहकाने आपापलं करून घ्यायचं हे काम नव्हे. आणि लेथ नसलेल्या ग्राहकाने काय करायचं?

म्हणून माझं मागणं असं. या मॉडेलसाठी लांब बोल्ट, उंच फोमचा साचा आणि फळीचे आधार असा संच योग्य किमतीला, सुट्या भागांच्या यादीत घालून द्यावा. तोवर मी बसवलेल्या चाकामुळे गाडीच्या कुठल्याही वॉरंटीला बाधा येत नाही, किंवा येत असल्यास नेमकी कुठे येते, हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. सर्व्हिसच्या तपासणी कागदावर स्टेपनीच्या हवेचा वेगळा रकाना असावा आणि त्यात 60 छापलेलं असावं. पुढच्या पत्रकात स्टेपनीचं माप आणि वेगमर्यादा चालू चाकांच्या मापाशेजारीच द्यावी. मी भरलेले चाकाचे पैसे मागत नाही. ते चाक माझं आहे आणि माझ्या उपयोगाचं आहे.

या पत्राचं उत्तर 30 दिवसांत लेखी मिळावं. फोन करून 'निकाली' काढू नये. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे त्यासाठी मला आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरी यावं लागणार नाही. बेळगावचा आयोग मला जवळ आहे. आपले इंजिनिअर गाडी बघायला येणार असतील तर मात्र जरूर यावेत, रविवार सोडून कधीही. बोल्टचं ड्रॉइंग मी तयार ठेवलं आहे, हवं तर घेऊन जावं.

आपला,
एक ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव

सोबत: आरसी व खरेदी पावतीची प्रत, सर्व्हिसचं बिल, खळग्याचे मापांसह फोटो, फाटलेल्या टायरचे व डिक्कीचे फोटो, विक्रेत्याला दिलेल्या अर्जाची पोच.